हलकी कामं, जड चुका: ट्रक-बसच्या शिकाऊ मेकॅनिकनी काय टाळावं

आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स करा किंवा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा. शिकाऊ उमेदवार म्हणून एसटीच्या डेपोत किंवा कळंबोलीकडच्या एखाद्या ट्रक गॅरेजात गेल्यावर पहिल्या दिवशी इंजिन कुणी हातात देत नाही. चाकं उतरव, ग्रीस मार, ब्रेक टाईट कर, हवेच्या टाकीतलं पाणी सोड. ही म्हणे हलकी कामं. इंजिनाचं काम चुकलं तर गाडी बहुतेक वेळा रस्त्यात उभी राहते. ही कामं चुकली तर ती हवी तिथे उभी राहत नाही. तरीही दर वर्षीची नवी बॅच त्याच चार-पाच चुका त्याच क्रमाने करते.

चाकाचे नट: गन थांबली म्हणजे काम झालं, हा समज

या चुकीवर सगळ्यात जास्त लिहायला हवं, कारण ती सगळ्यात सोपी वाटते. इम्पॅक्ट गन (नट फिरवायचं हवेवरचं यंत्र) लावली, टर्रर्र आवाज झाला, दहा नट दीड मिनिटात बसले. पोरगा खूश, सुपरवायझरही खूश.

नटाचं खरं काम दाबून धरायचं. चाकाची डिस्क हबवर (ॲक्सलच्या टोकाचा, चाक बसतं तो भाग) इतकी घट्ट दाबली गेली पाहिजे की लोड आणि ब्रेकचा सगळा जोर दोन्ही पृष्ठभागांच्या पकडीने पेलावा. स्टडवर, म्हणजे नट चढतो त्या बोल्टवर, आडवा मार बसता कामा नये. आता डिस्क आणि हबच्या मधे गंजाचे पापुद्रे, वाळलेला चिखल किंवा नव्या रंगाचा जाड थर असेल, तर नट त्या कचऱ्यावर कसला जातो. गाडी चालली की रंग चुरतो, गंज पिठासारखा गळतो, मधे केसाएवढी फट पडते आणि दाब निघून जातो. नट मात्र जागच्या जागी दिसतो. जोडचाकाला तर असे तीन जोड असतात: हब आणि आतली डिस्क, आतली आणि बाहेरची डिस्क, बाहेरची डिस्क आणि नट. तिन्ही ठिकाणी वायर ब्रश मारायचा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि नेमकं तेच वगळलं जातं.

पुढचं ठरलेलं असतं. सकाळी चाक बदलून गाडी सुटते. घाट चढताना ड्रायव्हरला मागून टक-टक ऐकू येतं. थांबून बघतो तर दोन स्टड तुटलेले, उरलेल्या नटांच्या बुडातून तांबड्या गंजाचे ओघळ चाकाच्या किरणांसारखे बाहेर आलेले. तो टॉमी (नट फिरवायचा दांडा) काढतो, उरलेले आठ नट ताकद लावून आवळतो आणि निघतो. पण ते आठही स्टड तोवर ताणले गेलेले असतात, डिस्कची भोकं लांबोळी झालेली असतात. आवळल्यामुळे त्यांचं उरलेलं आयुष्य आणखी कमी होतं. एकामागून एक तुटतात, आणि शेवटी चाक गाडीच्या पुढे धावतं. अशी गाडी वर्कशॉपला आली तर हिशेब साधा आहे: एक स्टड तुटला असेल तर तो आणि त्याच्या दोन्ही शेजारचे बदला, दोन किंवा जास्त तुटले असतील तर सगळे बदला. भोकं लांबोळी झालेली डिस्क भंगारात टाका. वेल्डिंग करून भोक भरणाऱ्याच्या हाताखाली शिकत असाल तर दुसरीकडे काम बघा.

बरोबर पद्धत अशी. प्रत्येक नट आधी हाताने दोन-तीन आटे चढवा. हाताने चढत नसेल तर आटे आडवे जातायत, गन लावू नका. मग समोरासमोरचे नट घेत हलके बसवा. गाडी जमिनीवर उतरवा आणि शेवटचा कस टॉर्क रेंचनेच (किती जोराने कसलं ते मोजणारा पाना) द्या. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. दहा स्टडच्या एम-22 आट्याच्या, हबवर बसणाऱ्या चाकांना तो साधारण 550 ते 650 न्यूटन-मीटर असतो. टॉर्क रेंच नाही म्हणून पाइप लावून लटकणाऱ्यांसाठी गणित: 60 किलोचा माणूस 1 मीटरच्या पाइपाच्या टोकावर उभा राहिला तर सुमारे 590 न्यूटन-मीटर होतात. पाइप 2 मीटरचा घेतला तर जवळजवळ 1,200, आणि वर उड्या मारल्या तर किती ते देव जाणे. जास्त कसलेला नट ढिल्या नटाएवढाच वाईट, कारण स्टड ताणला जाऊन परत आखडत नाही.

चाक बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरने नट पुन्हा टॉर्कने तपासायचेच. हे ड्रायव्हरला तोंडी सांगून भागत नाही. जॉब कार्डवर लिहा, स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा. तपासल्यावर नट आणि डिस्कवरून जाणारी पेंटची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की नट फिरलाय, हे क्लीनरलाही कळतं.

आणि जुन्या काही ट्रकच्या डाव्या बाजूला उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर ‘एल’ ठोकलेला असतो, तो आधी बघा. ‘नट जाम झालाय’ म्हणत कसायच्या दिशेनेच जोर लावून स्टड तोडणारा एक तरी दर बॅचमध्ये निघतो.

लॉक रिंगची (टायर वेगळ्या कड्याने अडकवलेली) जुनी रिम असेल तर नटाला हात लावायच्या आधी दोन्ही टायरची हवा पूर्ण काढा. वॉल्व्हची पिन बाहेर काढा आणि भोकात तार घालून बघा, कारण चिखलाने भोक बुजलं तर हवा गेल्यासारखी वाटते. आतल्या टायरची रिम तडकलेली असेल तर केवळ बाहेरच्या चाकाच्या नटांनी ती धरून ठेवलेली असते. लॉक रिंगच्या चाकात हवा भरताना ते पिंजऱ्यात ठेवा आणि नळीला लांब पाइप लावून बाजूला उभे राहा. यावर चर्चा नाही.

ऑटो स्लॅक पुन्हा पुन्हा टाईट करणं

ब्रेक कमी लागतोय अशी तक्रार आली की पोरगा पाना घेऊन गाडीखाली जातो आणि स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची वाढलेली ढील भरून काढणारा भाग) फिरवतो. जुन्या, हाताने सेट करायच्या स्लॅकला ते ठीक होतं: लॉकची बाही आत दाबायची, लायनर (ब्रेकचा घासणारा थर) ड्रमला टेकेपर्यंत षटकोन फिरवायचा, मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्यायचा आणि बाही परत बाहेर आली का ते बघायचं. ऑटो स्लॅक मात्र ब्रेक मारता मारता स्वतःच अंतर भरून काढतो. तो मागे पडत असेल तर त्याला मागे पाडणारं काहीतरी आहे. तुम्ही फिरवून दिलात तर चार दिवस ब्रेक छान लागेल, पाचव्या दिवशी गाडी परत येईल. वर उलटा फिरवताना तो कर्र-कर्र करतो, तेव्हा आतला एकदिशी क्लच घासला जात असतो. म्हणजे चांगला स्लॅक तुम्हीच खराब केलात.

आधी मोजा. सपाट जागा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. ठोकळे आधी, कारण पुढच्या पायरीला हँडब्रेक सोडायचा आहे. सोडला की गाडीला धरणारं दुसरं काही उरत नाही. हवा 6 बारच्या वर भरू द्या, इंजिन बंद करा, हँडब्रेक सोडा. चेंबरच्या (हवेच्या दाबाने ब्रेक लावणारा डबा) तोंडाशी, त्यातून बाहेर येणाऱ्या पुश रॉडवर खडूची रेघ मारा. साथीदाराला पॅडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि रेघ किती पुढे गेली ते पट्टीने मोजा. 30 नंबरच्या साध्या चेंबरला 2 इंच, म्हणजे 51 मिलिमीटर, ही शेवटची मर्यादा. इतर मापांसाठी तक्ता बघा. एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या आकड्यांत बराच फरक असेल तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते, आणि मग ड्रायव्हर स्टिअरिंगची तक्रार घेऊन येतो.

स्ट्रोक जास्त निघाला तर या क्रमाने बघा: पुश रॉडची क्लेव्हिस पिन आणि तिचं भोक झिजलंय का, कॅम शाफ्टला वर-खाली हलवून बुशमधली ढील, स्लॅकचा ब्रॅकेट वाकलाय का, शूची रिटर्न स्प्रिंग तुटलीय का, ड्रम किती मोठा झालाय. दहांतल्या सात वेळा पिन किंवा बुश निघतो, आणि दोन्ही स्लॅकपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. पण पिन बघायला गाडीखाली नीट आडवं व्हावं लागतं, टॉर्च धरावा लागतो. पाना फिरवायला नुसता हात लांब करून भागतं.

लायनरवर हबचं तेल उतरलं असेल तर पेट्रोलने धुऊन परत लावू नका. तापल्यावर आत मुरलेलं तेल वर येतंच. सील बदला, लायनर बदला, आणि ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदला. ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवू नका; ओल्या फडक्याने पुसा.

स्प्रिंग ब्रेक चेंबर

मागचा जोड-चेंबर. आत हँडब्रेकची स्प्रिंग शेकडो किलोच्या जोराने दाबून बसवलेली असते. मागच्या भागाची पट्टी कधीही खोलायची नाही, ‘फक्त रबर बघायचंय’ म्हणूनही नाही. चेंबर उतरवायचा असेल तर आधी त्याचा लांब बोल्ट मागून घालून स्प्रिंग आखडून घ्या. भंगारात मात्र आखडलेली स्प्रिंगही तशीच देऊ नका, आधी ती सुरक्षितपणे निकामी करून घ्या, नाहीतर भंगारवाला गॅस कटर लावतो आणि स्प्रिंग तेव्हा सुटते.

टॅपेट

सहा सिलिंडरचा फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4 सगळ्यांना पाठ असतो, पण त्याचा उपयोग कसा करायचा ते दहांतल्या दोघांना येतं. जोड्या लक्षात ठेवा: 1-6, 5-2, 3-4. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह हलतायत (एक मिटतोय, दुसरा उघडायला लागलाय) तेव्हा पहिल्याचे टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) सेट करा. मग पाचव्यासाठी दुसऱ्याकडे बघा, आणि असंच पुढे. नेहमीची चूक यानंतर होते: फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) बरोबर सरकतंय म्हणून लॉक नट आवळतात आणि पुढे जातात. लॉक नट आवळताना स्क्रू थोडा फिरतो. आवळल्यावर गेज परत घाला. इंजिन गार की गरम, हे मॅन्युअल सांगेल. शेजारच्या मिस्त्रीचा आकडा शेजारच्या इंजिनासाठी आहे.

थोडक्यात उरलेल्या

जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी (लोखंडी स्टँड) न लावता जाऊ नका. टिपरची बॉडी वर असेल तर तिचा आधार लावल्याशिवाय चेसिसवर वाकू नका.

केबिन पुढे झुकवण्याआधी आतला डबा, पाण्याचा कॅन, जॅकचं हँडल काढा. पुढची काच यामुळेच फुटते.

प्रोपेलर शाफ्ट काढताना दोन्ही तोंडांवर खूण करा. योक एका रेषेत बसले नाहीत तर थरथर येते आणि आठवडाभर लोक चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात. क्रॉसला ग्रीस मारताना चारही टोकांतून नवं ग्रीस दिसेपर्यंत मारा. तीन टोकं म्हणजे चौथं कोरडं.

टेपर बेअरिंगचा नट कसताना हब फिरवत राहा, नाहीतर रोलर जागेवर बसत नाहीत आणि खोटा कस मिळतो.

चेसिसवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीच्या वायरी काढा, ईसीयूचे (गाडीचा कॉम्प्युटर) कनेक्टर सोडवा आणि वेल्डिंगची अर्थिंगची वायर कामाच्या जागेजवळच लावा. सेन्सरच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावू नका. तिथे 5 व्होल्ट असतात आणि लॅम्प 24 व्होल्टचा. मल्टिमीटर शिका.

रेडिएटरमध्ये नुसतं बोअरचं पाणी भरू नका. इंजिनातल्या ओल्या लायनरला (पाण्यात बसलेली सिलिंडरची नळी) बाहेरून टोचल्यासारखे खड्डे पडतात आणि पुढे पाणी तेलात उतरतं.

जुन्या पंपाच्या गाडीत नट ढिला करून हवा काढायची सवय बीएस-6 (धुराचा नवा सरकारी नियम) गाडीवर चालवू नका. एप्रिल 2020 नंतरच्या या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल) गाड्यांत चालू इंजिनावर रेलमधला दाब 1,500 बारच्या वर जाऊ शकतो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि काही तासांत हात सुजतो. अशा वेळी मलम लावत बसू नका, थेट हॉस्पिटलला जा.

युरियाचा जुगाड

बीएस-6 गाडीच्या डीईएफला (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचा द्रव) ड्रायव्हर ‘युरिया’ म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. त्यात 32.5 टक्के युरिया असतो हे ऐकून कुणीतरी शेतातल्या गोणीतला युरिया पाण्यात कालवतं. खताचा युरिया 2015 पासून कडुलिंबाचं तेल चोपडलेलाच येतो, वर त्यात इतर अशुद्धी. इंजेक्टर चोंदतो, सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट मरतो, आणि त्या बिलात चांगली सेकंडहँड मोटारसायकल येते.

डिझेलचं नरसाळं डीईएफला वापरू नका. दोन वेगळी ठेवा, डीईएफचं निळं. चुकून डीईएफच्या टाकीत डिझेल पडलंच तर चावी फिरवू नका, ‘किती गेलं’ हे काट्यावर बघायलाही नाही. चावी फिरली की पंप ते पुढे ओढायची तयारी करतो. आधी टाकी पूर्ण रिकामी करा आणि डीईएफनेच धुवा. चावी तोवर ड्रायव्हरकडून काढून खिशात ठेवा.