सराव पाठात प्रोजेक्टर वापरताय? या चुका टाळा

बी.एड.ची आंतरवासिता, म्हणजे शाळेतला प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, सुरू झाली की कॉलेजची आयसीटी (संगणक) लॅब आणि शाळेतला वर्ग यांतलं अंतर लगेच जाणवतं. लॅबमध्ये वीज असते, नेट असतं, पडदे ओढलेले असतात आणि समोर आपलीच मित्रमंडळी विद्यार्थी होऊन बसलेली असतात. शाळेत मात्र भरलेला वर्ग, दोन्ही बाजूंना उघड्या खिडक्या आणि घंटेला बांधलेली तासिका.

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेला टीपॅकचा, म्हणजे शिकवण्यात तंत्रज्ञान कसं गुंफावं याचा, आराखडा आपण सगळेच परीक्षेसाठी पाठ करतो. आशय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान अशी तीन वर्तुळं आपण नीट काढतो. त्यांच्याभोवती तुटक रेषेचं एक मोठं वर्तुळ असतं, संदर्भाचं, म्हणजे पाठ कुठे आणि कुणासमोर होतो त्याचं. ते घाईत कसंतरी काढलं जातं. सराव पाठांमध्ये मी सहकाऱ्यांची जी फजिती पाहिली, तिच्यातली बहुतेक त्या बाहेरच्या वर्तुळातली होती. पाठाची तयारी आपल्या लॅपटॉपवर, आपल्या खोलीत झालेली. पाठ मात्र दुसऱ्याच संगणकावर, दुसऱ्याच उजेडात. पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ माझ्या मते इथेच आहे.

मराठी मजकुराऐवजी भलतीच चिन्हं दिसतात

घरी सुंदर दिसणारी स्लाइड शाळेच्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची गर्दी. असं झालं की समजावं, मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकाला आतली मूळ अक्षरंच दिसतात आणि तो तीच दाखवतो. आयत्या वेळी यावर काही करता येत नाही.

म्हणून सुरुवातीपासून युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या समान अक्षरसंकेतात, टाइप करा. मंगल किंवा निर्मला यांपैकी एक फॉन्ट विंडोजमध्ये असतोच. मुक्तासारखा वेगळा फॉन्ट आवडत असेल, तर पॉवरपॉइंटच्या सेव्हच्या पर्यायांत जाऊन तो फाइलमध्येच अंतर्भूत करा. शिवाय एक पीडीएफ प्रत सोबत ठेवा. पीडीएफमध्ये अॅनिमेशन चालत नाही, पण अक्षरं जशीच्या तशी राहतात. कॉलेजच्या ताईंकडून मिळालेलं जुन्या फॉन्टमधलं टाचण (पाठाचं लेखी नियोजन) कन्व्हर्टरमधून काढलं असेल, तर ओळ न् ओळ वाचा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतात.

भाषा विषयाच्या छात्राध्यापकांनी आणखी एक तपासावं. ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’, ‘वाऱ्याने’ या शब्दांतला अर्धा र टाइप करताना अनेकांचा रफार होतो आणि पडद्यावर ‘दुसर्या’ येतं. मुलं पडद्यावरचं जसंच्या तसं वहीत उतरवतात, त्यामुळे एकाची चूक सगळ्या वर्गाची होते. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी आणि शेवटी तिरक्या रेघेची कळ दाबली की ‘ऱ्य’ बरोबर उमटतो.

प्रोजेक्टर चालू, पण पडदा निळाच

इथे घाबरून सगळ्या वायरी एकदम उपसू नका. आधी प्रोजेक्टरच्या रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबून वायर ज्या खाचेत लावली आहे तीच निवडली आहे ना ते बघा. मग लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. बहुतेक वेळा काम होतं.

चित्र आलं पण आवाज नाही, तर वायर ओळखा. जुनी निळ्या टोकाची व्हीजीए वायर फक्त चित्र नेते, आवाजासाठी स्पीकर वेगळा जोडावा लागतो. एचडीएमआय असेल तर आवाज प्रोजेक्टरकडे गेलेला असतो. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन तो परत हव्या त्या स्पीकरकडे वळवता येतो. नवीन लॅपटॉपला व्हीजीएची खाच नसते आणि शाळेतला प्रोजेक्टर जुना असू शकतो, म्हणून एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर गटात मिळून एक घेऊन ठेवा.

स्मार्टबोर्डवर बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे उमटत असेल तर फलक बिघडलेला नसतो. त्याचं कॅलिब्रेशन पुन्हा करायचं, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या खुणांना क्रमाने स्पर्श करायचा. आणि त्या फलकावर साधा मार्कर चुकूनही चालवू नका.

शेवटच्या बाकावरून काहीच दिसत नाही

गडद निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं लॅपटॉपवर फार देखणी दिसतात. पण प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. काळा म्हणजे जिथे तो प्रकाश टाकत नाही ती जागा, आणि उघड्या खिडक्यांच्या वर्गात ती जागा भिंतीइतकीच फिकट दिसते. त्यामुळे फिक्या पार्श्वभूमीवर गडद अक्षरं, एका स्लाइडवर मोजक्याच ओळी. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच वर्गात स्लाइड लावून शेवटच्या बाकावर जाऊन बसा. तिथून वाचता आली नाही तर अक्षर मोठं करा, मजकूर कमी करा.

नेटच्या भरवशावर राहणं

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड आपल्याला माहीत असतात, पण अनेक जण ते पहिल्यांदा वर्गातच स्कॅन करतात. मग नेट रेंगाळतं, किंवा कोडमागे चार-पाच घटक निघतात आणि हवा तो कोणता हे मुलांसमोर शोधत बसावं लागतं. हे कोड ज्यात उघडतात त्या सरकारी दीक्षा अॅपमध्ये तो घटक आधीच उघडा, पूर्ण बघा आणि डाउनलोड करून ठेवा. मग नेट नसतानाही चालतो. कोड पुसट छापला असेल तर त्याखालची सहा अक्षरांची खूण टाइप करूनही घटक उघडतो. ‘पूर्ण बघा’ हे मुद्दाम लिहिलं आहे. व्हिडिओतली संज्ञा पुस्तकातल्या संज्ञेपेक्षा वेगळी असेल तर मुलं गोंधळतात, आणि ते आधी न बघितलेल्या शिक्षकाला सुधारता येत नाही.

व्हिडिओ व्हॉट्सअॅपवरून पाठवून घेतला असेल तर तो दाबून लहान केलेला असतो. आकृतीतली नावं मोठ्या पडद्यावर वाचता येत नाहीत, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. शाळेच्या कपाटातल्या जुन्या ई-लर्निंग सीडी चालत नसतील तर एक कारण लक्षात ठेवा. त्यांतल्या कितीतरी फ्लॅश या अॅनिमेशनच्या जुन्या सॉफ्टवेअरवर बनवलेल्या आहेत आणि अडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केला. त्या सीडींवर पाठाचं नियोजनच करू नका.

जिओजेब्रातला त्रिकोण आणि १७९ अंश

ही अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथे यंत्र नीट चालत असतं आणि तरीही पाठ घसरतो.

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, हे जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर दाखवणं सोपं आहे. शिरोबिंदू धरून ओढला की कोन बदलतात, बेरीज तीच. पण अंश पूर्णांकात दाखवायचे ठरवलं असेल तर काय होतं बघा. खरे कोन ५०.४, ६०.४ आणि ६९.२ आहेत. पडद्यावर दिसतात ५०, ६० आणि ६९. मुलं वहीत बेरीज करतात: १७९. एखादी चुणचुणीत मुलगी हात वर करते, आणि ‘तसं होतं कधी कधी, पुढे चला’ असं उत्तर देऊन आपण तिची सगळ्यात चांगली शंका मारून टाकतो.

दशांश स्थळं वाढवली की फरक कमी होतो, हा तांत्रिक उपाय झाला. पण मला वाटतं, मुद्दाम तसाच ठेवून प्रश्न मुलांवर सोपवावा: ‘एक अंश गेला कुठे?’ मग दशांश उघडून दाखवावेत. त्या पाच मिनिटांत मुलं पूर्णांकन शिकतात, आणि पडद्यावरचा आकडाही तपासून घ्यायचा असतो हेही शिकतात.

दुसरी गंमत कोन काढतानाची. बिंदू उलट क्रमाने निवडले तर ६० अंशांच्या जागी ३०० अंश दिसतात, कारण जिओजेब्रा कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतं. बिंदूंचा क्रम बदला, किंवा त्या कोनाच्या गुणधर्मांत ० ते १८० ही मर्यादा निवडा.

जे हातात देता येतं ते पडद्यावर दाखवणं

विद्युत परिपथ शिकवायचा तर कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या प्रकल्पाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, उत्तम आहेत. त्यांतली बरीच मराठीत आहेत आणि नवी डाउनलोड करून नेटशिवाय चालवता येतात. पण म्हणून खरा सेल, खरा बल्ब आणि वायर बाजूला ठेवायची नाही. वायरचं टोक सुटल्यावर बल्ब विझतो, हे मुलाच्या हातातच कळलं पाहिजे. सिम्युलेशनचं काम त्यानंतर सुरू होतं. वायरच्या आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही, फेटमध्ये इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. आणि बटण दाबण्याआधी मुलांना अंदाज वहीत लिहायला सांगा: आणखी एक बल्ब जोडला तर उजेड वाढेल की कमी होईल? अंदाज न घेता दाखवलं तर वर्ग शांत बसतो, निरीक्षक प्राध्यापक खूश होतात, पण मुलं काय समजली ते कुणालाच कळत नाही.

टाचणात नुसतं ‘प्रोजेक्टर, लॅपटॉप’ लिहिणं

शैक्षणिक साधनांचा रकाना भरायचा म्हणून भरला जातो. त्याऐवजी साधन कोणत्या पायरीला, कशासाठी आणि वीज गेली तर काय, हे तिथेच लिहा. पर्याय म्हणजे ‘फळ्यावर आकृती काढणे’ एवढंच पुरत नाही. तोही तितकाच विचार करून ठरवलेला हवा. वरच्याच पाठात प्रत्येक मुलाने कागदी त्रिकोण कापून, तिन्ही कोपरे फाडून एका रेषेवर शेजारी शेजारी लावले तर सरळ कोन तयार होतो. हा पर्याय इतका चांगला आहे की मी तर तो वीज असतानाही आधी घेईन आणि जिओजेब्रा नंतर.

मोबाइल थेट पडद्यावर

फोन प्रोजेक्टरला जोडताना सूचना बंद करा, नाहीतर घरचे मेसेज वर्गासमोर झळकतात. मुलांकडून गुगल फॉर्म भरून घेताना मोबाइल नंबर किंवा ईमेल मागू नका. हजेरी क्रमांक पुरतो. पुरावा म्हणून काढलेले मुलांचे चेहरे दिसणारे फोटो गटांवर टाकणंही थांबायला हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. अहवालासाठी फोटो हवाच असेल तर मुख्याध्यापकांना विचारा आणि मागून, वह्यांचा किंवा फलकाचा काढा.

पाठ संपल्यावर

दिव्याचा प्रोजेक्टर थेट मेन स्विचवरून बंद करू नका. रिमोटने बंद करून आतला पंखा थांबेपर्यंत थांबा, दिव्याचं आयुष्य त्यावर अवलंबून असतं. शाळेच्या संगणकावर आपलं गुगल खातं उघडलं असेल तर त्यातून बाहेर पडा. तिथे घातलेला पेनड्राइव्ह घरी उघडण्याआधी अँटिव्हायरसने तपासा. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले तर त्यांवर क्लिक करू नका. पाठाची फाइल मात्र पुसून टाकण्याआधी त्या विषयाच्या शिक्षकांना हवी का ते विचारा. आपण महिन्या-दोन महिन्यांनी निघून जातो, पुढच्या वर्षी तो घटक त्यांनाच शिकवायचा असतो.