प्राग पायी फिरताना या चुका टाळा

नकाशावर प्राग एवढंसं दिसतं. ओल्ड टाउनचा चौक ते किल्ला, जेमतेम दोन किलोमीटर. त्यामुळे लोक आरामात नाश्ता करून निघतात, दहाच्या सुमारास चार्ल्स पुलावरच्या गर्दीत अडकतात आणि पलीकडे गेल्यावर किल्ल्याच्या चढावर त्यांचा दम निघतो. दुपारपर्यंत पाय गळाठलेले. चूक वेळेची आणि दिशेचीही.

पूल उजाडताच गाठा. १३५७ साली बांधायला घेतलेला हा पूल आणि त्यावरचे तीस पुतळे धक्के न खाता बघायची वेळ तीच. पुलापलीकडच्या मालोस्त्रान्स्के चौकातून २२ नंबरची ट्राम धरून पोहोर्झेलेत्सला उतरा. स्त्राहोव मठाजवळून लाल कौलांचं अख्खं शहर दिसतं. तिथून किल्ला आणि मग नेरुदोवा रस्त्याने खाली, सगळा उतारच. किल्ल्याचं आवार सकाळी सहाला उघडत असलं तरी आतल्या इमारती नऊला उघडतात, त्यामुळे घाई करू नका.

ट्रामचं कागदी तिकीट नुसतं खिशात ठेवून चालत नाही. चढल्यावर पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवायची, नाहीतर तपासनीस दंड करतोच. ट्राममध्येच कार्डने काढलेल्या तिकिटावर मात्र वेळ आधीच छापलेली असते.

पत्ता सापडत नाहीये? तर दाराकडे नीट बघा. तिथे दोन पाट्या असतात. नेरुदोवावरच्या ‘दोन सूर्य’ नावाच्या घरावर लाल पाटीत २३३ आहे, निळीत ४७. लाल आकडा त्या भागातल्या इमारतींच्या नोंदणीचा, त्याला रस्त्यावरच्या क्रमाशी काही देणंघेणं नाही. घर शोधायचं ते निळ्यावर. पत्त्यात ‘२३३/४७’ लिहिलेलं असलं तर तिरक्या रेघेनंतरचा आकडा धरा.

झेब्रा क्रॉसिंगवर गाड्या थांबतात, ट्राम थांबेलच असं नाही. सिग्नल नसलेल्या ठिकाणी कायद्याने पहिला हक्क ट्रामचा. आपल्याकडचा हात दाखवून पलीकडे जायचा आत्मविश्वास इथे कामाचा नाही.

पैशाची चूक सगळ्यात महागात पडते. इथे कोरुना हे चेक चलन चालतं. पैसे बदलून देणाऱ्या दुकानावरची ‘कमिशन शून्य’ची पाटी बघून भुलू नका, तोटा दरात दडलेला असतो, नोटा देण्याआधी हातात नक्की किती कोरुना पडणार ते विचारा. तरीही फसलात, तर पावती घेऊन तीन तासांच्या आत त्याच दुकानात जा. १००० युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करायचा हक्क कायद्याने आहे. एटीएमने ‘रुपयांत वजा करू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा.

बुटांचं थोडक्यात: फुटपाथ बारीक दगडी चौकोनांचे आहेत, पावसात गुळगुळीत होतात. नवे कोरे किंवा झिजलेल्या तळाचे, दोन्ही नकोत.

ओल्ड टाउनच्या चौकातल्या १४१० सालच्या खगोलीय घड्याळापुढे मात्र तासाच्या ठोक्याला उभं राहायला हरकत नाही. त्यातल्या बाहुल्यांचा खेळ जेमतेम मिनिटभराचा. सगळ्यांच्या माना वर असताना पाकीट पुढच्या खिशात, बॅग छातीशी.