होम थिएटरच्या कपाटाला गडद काचेची दारं: काच कशी निवडावी, माप कसं द्यावं

दुकानात ग्रे, ब्राँझ आणि रिफ्लेक्टिव्ह काचेचे तुकडे शेजारी शेजारी ठेवले तर तिन्ही थोड्याफार सारख्याच काळपट वाटतात. बंद दारातून आतल्या यंत्रांचा रिमोट चालवायचा असेल तर मात्र त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक असतो. बहुतेक रिमोट ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा इन्फ्रारेड प्रकाश सोडतात. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे काच किती काळी दिसते यावरून रिमोट चालेल की नाही याचा अंदाजच येत नाही. हे आधी निकाली काढा, रंगाची आवडनिवड नंतर.

रंग काचेच्या अंगातच असलेली ग्रे किंवा ब्राँझ काच या कामाला सर्वांत सोयीची. ४ ते ५ मिलिमीटर जाडीत ती दिवाणखान्याच्या अंतरावरून रिमोट चालण्याइतका इन्फ्रारेड सहसा आरपार जाऊ देते. ५ मिमी ग्रे काचेतून दिसणारा प्रकाश साधारण निम्माच पार होतो. खोलीत अंधार केला की आतले डबे आणि वायरी झाकल्या जातात, पण रिसीव्हरवरचे (स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्रावरचे) आकडे वाचता येतात. हिरवी आणि निळी काच दिसायला फिकी असली तरी फसवी. तिच्यातलं लोह नेमका इन्फ्रारेडच शोषतं; उन्हाच्या खिडकीला ती म्हणूनच बसवतात. रिफ्लेक्टिव्ह काचेवर धातूचा थर असतो आणि तो इन्फ्रारेड परतवतो, तेव्हा ती टाळलेली बरी. लॅकर काच म्हणजे मागून रंगवलेली काच. त्यातून काहीच पार होत नाही.

आधीच साध्या काचेची दारं असतील आणि त्यांवर फिल्म चिकटवायची असेल, तर नुसती रंगीत फिल्म घ्या. गाडीसाठी उष्णतारोधक म्हणून मिळणारी सिरॅमिक किंवा धातूची फिल्म इन्फ्रारेड अडवण्यासाठीच बनवलेली असते. धातूच्या फिल्ममुळे वायफाय आणि ब्लूटूथही कमजोर होऊ शकतं. गडद अ‍ॅक्रिलिक हा आणखी एक पर्याय. त्यातून इन्फ्रारेड बहुधा छान पार होतो, पण त्यावर ओरखडे पटकन पडतात, स्थिर विजेमुळे धूळ चिकटते आणि मोठं दार कालांतराने बाक घेतं. लहान मुलं असलेल्या घरात, कमी उंचीच्या दाराला ठीक.

ऑर्डर देण्यापूर्वी नमुना घरी आणाच. चार इंची चौकोनी दोन तुकडे मागा. काचवाल्याकडे कापून उरलेले असतातच. एक तुकडा रिसीव्हरच्या रिमोट सेन्सरवर धरा आणि नेहमीच्या जागेवरून, मग सोफ्याच्या अगदी कडेच्या जागेवरून आवाज कमी-जास्त करून पाहा. धरायला माणूस नसेल तर तुकडा रिमोटच्या तोंडाशी टेकवा, उत्तर जवळपास तेच मिळतं. फक्त कडेने प्रकाश निसटू देऊ नका. आता दोन्ही तुकडे एकावर एक धरा. तरीही रिमोट चालला, तर सेल उतरल्यावर आणि काचेवर धूळ बसल्यावरही अडचण येणार नाही. एका तुकड्यातून चालतो आणि दोन्हींतून अडखळतो, अशी काच घेऊ नका.

काच मनासारखी मिळाली पण रिमोट चालत नाही, तर आयआर (इन्फ्रारेड) रिपीटर, म्हणजे रिमोटचा संकेत आत पोचवणारं साधन बसवा. त्याचा छोटा सेन्सर कपाटाच्या बाहेर चिकटतो आणि एमिटरच्या तारा आतल्या यंत्रांच्या सेन्सरवर लागतात. फायर टीव्ही स्टिकचा रिमोट ब्लूटूथवर चालत असल्याने त्याला काच आड येत नाही. त्यावरची आवाजाची बटणं मात्र टीव्हीला किंवा रिसीव्हरला इन्फ्रारेडनेच हुकूम देतात, हे विसरायला होतं.

आता उष्णता. इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं, आणि काचवाला याबद्दल चकार शब्द काढत नाही. बंद दारामागचा रिसीव्हर, सेट-टॉप बॉक्स आणि राउटर मिळून १५० वॅट उष्णता टाकत असतील, तर आतलं तापमान खोलीपेक्षा १० अंशांच्या आत ठेवण्यासाठी सेकंदाला सुमारे १२ लिटर, म्हणजे २६ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा खेळती लागते. १२० मिमीच्या पंख्यावर ५०-६० सीएफएम छापलेलं असलं तरी जाळी आणि वळणांमुळे हाती निम्मंच उरतं, म्हणजे जेमतेम गरजेपुरतं. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ३६ अंशांवर असली की आत ४६ होणार; तिथे दोन पंखे लावा. १२ व्होल्टचा पंखा ७ ते ९ व्होल्टवर चालवला तर आवाज फारसा येत नाही, पण हवाही कमी होते, तेव्हा शांतता हवी असेल तरीही दोनच लावा. पंखा आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट ३८ अंशांच्या आसपास ठेवा.

पंखा वर मागच्या बाजूला, हवा बाहेर फेकणारा. हवा आत येण्याची वाट मात्र दारातच सोडावी लागते. खाली २० मिमी फट ठेवली तर ९०० मिमी रुंदीच्या कपाटाला १८० चौरस सेंटिमीटर वाट मिळते, आणि १२० मिमी पंख्याचं तोंड ११३ चौरस सेंटिमीटरचं असतं, म्हणजे पुरे. फळ्या मागच्या भिंतीपासून ५० मिमी अलीकडेच थांबवा, नाहीतर खालच्या कप्प्यातली हवा वर चढतच नाही. रिसीव्हर सर्वांत वरच्या कप्प्यात, त्याच्या डोक्यावर मोकळी जागा भरपूर. किती ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

माप घेताना रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत लहान आकडा धरा. दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे नसतील तर कपाट गोनियात, म्हणजे काटकोनात नाही, आणि चौकोनी काच ते लगेच उघडं पाडते. चौकटीच्या आत बसणाऱ्या दारांचं उदाहरण घेऊ. मोकळी जागा ९०० बाय ५०० मिमी. दोन्ही बाजूंना आणि मध्ये ३-३ मिमी सोडले की उरतात ८९१, म्हणजे प्रत्येक दार ४४५ मिमी रुंद. उंचीतून वर ३ आणि खाली २० वजा केले की ४७७. सुतार सुतात (इंचाच्या आठव्या भागात) बोलतो आणि काच मिलिमीटरमध्ये कापली जाते, तेव्हा कागदावर मिलिमीटरच लिहून द्या.

जाडी ५ मिमी आणि काच टफन्डच (तापवून कणखर केलेली) घ्या. कोपऱ्यात आयएसआय शिक्का असतो, तो आतल्या बाजूला खाली येईल असं आधीच सांगा. टफन केल्यावर काच कापता येत नाही की भोक पाडता येत नाही. तसा प्रयत्न केला तर तिचा चुरा होतो. म्हणून बिजागरीची आणि हँडलची भोकं, कडांचं पॉलिश, सगळं आधी. बिजागरी प्रत्यक्ष विकत घ्या आणि तिच्यासोबतचं मापपत्रक काचवाल्याच्या हातात द्या. काचेच्या बिजागरीचं भोक लाकडातल्या नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा लहान असतं. दोन्ही दारं एकाच तावातून कापून मागा, कारण वेगळ्या तावाची छटा किंचित निराळी निघू शकते. जाडी बदलली तर गडदपणाही बदलतो. ५ मिमीला चौरस मीटरमागे साडेबारा किलो वजन, म्हणजे वरच्या मापाचं दार अडीच किलोच्या वर जातं.

भोकांची भानगडच नको असेल तर अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलची चौकट. ४ मिमी काच रबर गास्केटमध्ये बसते, रुंद प्रोफाइलला नेहमीची ३५ मिमीची बिजागरी चालते, आणि कोकणातल्या दमट हवेत लाकडासारखी फुगण्याची भीती नाही. अरुंद प्रोफाइलला मात्र खास बिजागरी लागते. तयार दार आणल्यावर ते फरशीवर कोपऱ्यावर टेकवू नका, खाली पुठ्ठा घाला. टफन्ड काच सपाट पृष्ठभागावर चांगला मार सोसते, पण कोपऱ्याला टाइलचा ठोका बसला की सगळी एकदम फुटते.

सेंटर स्पीकर आणि सबवूफर काचेमागे ठेवायचे नाहीत. दारं लागल्यावर सबवूफरमधून २० ते ८० हर्ट्झचा चढता सूर वाजवा आणि कुठे खडखड होते ते ऐका. ज्या दारावर बोट टेकवताच आवाज थांबेल, त्याच्या कडेला सिलिकॉनचे पारदर्शक बफर लावा; पुश लॅच (दार दाबून उघडणारी कडी) ढिला असेल तर चुंबकाची पट्टी अर्धा मिलिमीटर पुढे घ्या.