झायमोग्राफी करणाऱ्यांनो, ९२ चा पट्टा जपून वाचा

तोंडाच्या कर्करोगावर एमडीएसचा प्रबंध किंवा पीएचडी घेतलीत की कुणीतरी जिलेटिन झायमोग्राफी (जिलेटिन मिसळलेल्या जेलमध्ये प्रथिनं वजनानुसार वेगळी करून, जिलेटिन पचवणारी एन्झाइमं शोधायची चाचणी) सुचवतंच. स्वस्त पडते, अँटिबॉडी लागत नाही, जिलेटिन पचलं तिथे निळ्या जेलवर पांढरे पट्टे उमटले की गाइडही खूश. एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही प्रथिनं तोडणारी, जस्त असलेली एन्झाइमं (मेटॅलोप्रोटीनेज) बेसमेंट मेम्ब्रेनचं, म्हणजे पेशींच्या थराखालच्या पातळ पडद्याचं, काय करतात ते तुम्हाला पाठ असेलच.

मी अडकले ९२ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) पट्ट्यात. जिलेटिन पचलंय, म्हणजे गाठीतही एन्झाइम सक्रिय होतं, असं सरळ वाटतं. पण ९२ म्हणजे प्रो-एमएमपी-९, एन्झाइमचं अजून जागं न झालेलं रूप. त्याच्या प्रोपेप्टाइडमधलं (सक्रिय होताना तुटून जाणारा तुकडा) सिस्टीन हे अमिनो आम्ल जस्ताला धरून बसलेलं असतं, म्हणून ते निष्क्रिय. जेलमध्ये एसडीएस हा डिटर्जंट प्रथिन उलगडतो आणि ही पकड सुटते. पुढे ट्रायटॉन या सौम्य डिटर्जंटने एसडीएस धुतलं की प्रथिन पुन्हा घडी घेतं, पण पकड पहिल्यासारखी बसत नाही. प्रोपेप्टाइड न तुटताच ते जिलेटिन पचवायला लागतं. म्हणजे रुग्णाच्या गाठीत झोपलेलं एन्झाइम तुम्हीच जेलमध्ये उठवलंत! वर, टिम्पने (एमएमपींना रोखणारं शरीरातलंच प्रथिन) अडवून ठेवलेलं एन्झाइमही एसडीएसमुळे सुटून पट्टा देतं. त्यामुळे ८२ च्या आसपासचा सक्रिय पट्टा वेगळा मोजा. एमएमपी-२ मध्ये ७२ प्रो, ६२ च्या जवळ सक्रिय. दोन्हींची बेरीज करून 'सक्रियता वाढली' असं लिहिलंत तर व्हायव्हात परीक्षक तिथेच धरणार, आणि त्यांचं बरोबर असेल.

ईडीटीएने (धातू पकडून ठेवणारं रसायन) पट्टा गेला म्हणून सुटलो, असंही नाही. त्यातून मेटॅलोप्रोटीनेज आहे एवढंच कळतं, प्रो की सक्रिय ते नाही.

शिवाय ते ९२ कर्कपेशींचंच कशावरून? न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी एमएमपी-९ साठवून ठेवतात. तंबाखू-गुटख्याच्या तोंडातली व्रण पडलेली, रक्ताळलेली बायोप्सी असेल तर १३० जवळचा पट्टाही बघा; तो एनगॅल या प्रथिनासोबत जोडलेला, बहुधा न्यूट्रोफिलकडून आलेला असतो.

सिनियरच्या प्रोटोकॉलची झेरॉक्स आंधळेपणाने वापरू नका. वेस्टर्न ब्लॉटच्या (अँटिबॉडीने प्रथिन शोधायची पद्धत) सवयीने नमुना उकळणारे, मर्कॅप्टोइथेनॉल घालणारे सिनियर सगळीकडे आहेत; मग एन्झाइम पुन्हा घडी घेत नाही आणि पट्टाच येत नाही. फॉर्मॅलिनमधला तुकडा घेऊन येणारेही.

घाबरू मात्र नका. प्रो पट्टा वाया जात नाही; गाठीत आणि शेजारच्या निरोगी ऊतीत एन्झाइम किती साठलंय, ते तो सांगतो. प्रबंधात तेवढंच म्हणा. सक्रियताच दाखवायची असेल तर फ्रोझन सेक्शनवर (गोठवलेल्या ऊतीच्या पातळ कापावर) इन-सिटू, म्हणजे जागच्या जागी, झायमोग्राफी करावी लागेल, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेच्या दिवशी द्रव नायट्रोजन घेऊन ओटीबाहेर तुम्हालाच उभं राहावं लागेल.