जुना ॲम्प की नवा? बेस शिकणाऱ्याने घरच्या घरी पारखायची रीत

खानदेशात बेस (बेस गिटार) शिकणाऱ्याच्या दारात पहिला ॲम्प, म्हणजे त्याचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, दोन वाटांनी येतो. लग्नसराई उरकली की एखादा बँडवाला किंवा ऑर्केस्ट्रावाला आपला जुना, बारा इंची स्पीकरचा, दोन जणांनी उचलायचा ॲम्प काढून टाकतो. नाहीतर आठ इंची स्पीकरचा, २०-२५ वॉटचा नवा डबा ऑनलाइन मागवला जातो. दोन्ही शेजारी ठेवून वाजवायची संधी मिळाली तर सोडू नका. मात्र पाच मिनिटं वाजवून "हा भारी वाजतो" असं ठरवलं की फसगत होते, कारण जो थोडा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. शिकणाऱ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: कुठल्या ॲम्पवर माझ्या बोटांची चूक मला स्वच्छ ऐकू येते?

आधी बोर्ड, मग ॲम्प

बेसच्या तारा ब्रिज (तारा अडकवायची धातूची पट्टी) आणि केबलच्या आतल्या धातूच्या जाळीमार्फत ॲम्पच्या पत्र्याच्या चासीला जोडलेल्या असतात. ॲम्पमध्ये करंट उतरला तर तो सरळ बोटांत येतो. म्हणून मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं यंत्र) एसीच्या सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवून विजेचा बोर्ड तपासा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास व्होल्ट हवेत, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये फार तर दोन-तीन. फेज-अर्थिंगचा आकडा साठ, नव्वद असा डोलत असेल तर अर्थिंग नावालाच आहे. जुन्या धाब्याच्या घरांत हे हमखास सापडतं. नव्या घरातही उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की मातीचा रेझिस्टन्स वाढतो. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पुन्हा मोजा. मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्या.

जुन्या ॲम्पची तिसरी, जाड पिन कोणी कापली असेल किंवा वायरच दोन तारांची असेल, तर तीन तारांची वायर बसवून हिरवी तार चासीला स्क्रूने घट्ट करून घेतल्याशिवाय त्याला बेस लावू नका. नव्या लहान ॲम्पच्या अडॅप्टरला दोनच पिना असल्या आणि त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असली तर हरकत नाही, तो दुहेरी इन्सुलेशनचा असतो. पाठीमागची पाटीही वाचा. परदेशातून आणलेल्या जुन्या ॲम्पवर १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. थेट लावला तर निदान फ्यूज तरी जाणारच. फ्यूज गेला तर त्याच आकड्याचा घाला. त्याजागी तांब्याची तार गुंडाळणं म्हणजे आग लावायची तयारी.

इन्व्हर्टरवर तुलना करू नका. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर चांगला ॲम्पही चिरका, करवतीसारखा आवाज काढतो. लाइट येईपर्यंत थांबा.

घूं कुठून येते ते ओळखा

जुना ॲम्प घेताना सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ॲम्प चालू करा, केबल काढून घ्या, व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही घूं येत असेल तर ती ॲम्पच्या पोटातली आहे. व्हॉल्यूम शून्यावर गेल्यावर घूं गेली आणि केबल लावून चढवल्यावर आली, तर दोष बेस, केबल किंवा खोलीतला आहे. तारांना हात लावल्यावर घूं कमी होणं नेहमीचंच. हात लावल्यावर ती वाढली किंवा बोटांना झिणझिण्या आल्या तर लगेच प्लग काढा.

पोटातल्या घूंची जात कानानेच ओळखता येते, आणि त्यासाठी तुमची 'जी' (G) तारच पुरते (बेसच्या चार तारा ई, ए, डी, जी; जी सगळ्यात बारीक). बेस ट्यूनरवर नीट लावून घ्या. मोकळी जी तार ९८ हर्ट्झला (सेकंदाला ९८ कंपनं) वाजते. आपली वीज ५० हर्ट्झची. ॲम्पच्या आत तिची एसीची डीसी झाल्यावर (रेक्टिफाय) उरणारी लहर १०० हर्ट्झची असते. व्हॉल्यूम जरासा चढवून मोकळी जी हलकेच छेडा आणि घूंसोबत ऐका. आवाज सेकंदाला साधारण दोनदा फुगतोय-ओसरतोय असं वाटलं, तर घूं १०० हर्ट्झची आहे आणि बहुधा पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर (चार्ज साठवून ही लहर सपाट करणारे भाग) सुकले आहेत. जीच्या खालच्या सप्तकात, म्हणजे ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी पट्टी; ४९ हर्ट्झ) घूं जुळत असेल, तर बहुधा अर्थिंग, केबलची जाळी किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून जाणारी वायर यांत दोष आहे. लहान स्पीकरवर ही खालची घूं नीट ऐकू येत नाही, त्यामुळे कान स्पीकरच्या जाळीजवळ न्या.

कपॅसिटर सुकणं हा आपल्याकडचा नेहमीचा रोग. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात बंद ॲम्पच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षाही तापते. बदलायला सांगताना टीव्ही-मेकॅनिकला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्टचा आकडा तोच किंवा जास्त, आणि ८५ अंशांचे नकोत, १०५ अंशांचे हवेत. स्वतः झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये तो शेकडो व्होल्टचा असतो.

नॉब फिरवताना येणारी खरखर घाबरण्याजोगी नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवला की बहुतेक वेळा जाते. केबल हलवल्यावर आवाज तुटत असेल तर आधी दुसरी केबल लावा. तरीही तुटला तर बहुधा इनपुट जॅकचं सोल्डर सुटलं आहे. दुरुस्ती अर्ध्या तासाची, पण किंमत ठरवताना सांगण्यासारखी.

स्पीकर

जाळी निघत असेल तर काढा. कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) मध्यभागाच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून तो अगदी हलकेच, सरळ आत दाबा आणि सोडा. करकर घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) घासते आहे. असा स्पीकर सोडून द्या, किंवा नव्या स्पीकरचे पैसे किमतीतून वजा करा. कोनच्या कडेची फोमची किनार बोटाला भुरभुरत असेल तरी तेच. वायर काढून मल्टिमीटरवर मोजल्यास ८ ओहमचा चांगला स्पीकर सहा ते सात ओहम दाखवतो, ४ ओहमचा साधारण तीन ते साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे.

मूळचा गिटारचा ॲम्प "बेसलाही चालतो" म्हणून विकला जातो. मागून उघडा डबा आणि पातळ कोन असेल तर तो घेऊ नका. हळू वाजवताना चालेल, पण मोठा केला की ई तार त्याचा कोन मुडपून टाकते.

दोघांचा आवाज एका पातळीवर आणा

ही पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. दोन्ही ॲम्प एकाच उंचीवर, भिंतीपासून सारख्याच अंतरावर, शेजारी-शेजारी ठेवा. एक कोपऱ्यात आणि दुसरा खोलीच्या मध्ये असेल तर कोपऱ्यातला उगाचच भरदार वाटेल, कारण भिंती आणि जमीन खालचे सूर वाढवतात. बेस तोच, केबल तीच, बेसवरचे नॉब पूर्ण उघडे.

ईक्यू, म्हणजे बेस, मिड, ट्रेबल (खालचे, मधले, वरचे सूर) हे नॉब, सगळे मधोमध ठेवून सुरुवात करा. काही जुन्या ॲम्पच्या साध्या टोन सर्किटमध्ये मात्र मधोमध ठेवल्यावरही मिड खाली बसलेला असतो. तिथे बेस आणि ट्रेबल खाली घेऊन मिड चढवा आणि दोघांची जात शक्य तितकी जवळ आणा. मग फोनवर साउंड मीटरचं ॲप उघडा, ॲम्पपासून एक मीटरवर, स्पीकरच्या उंचीला ठेवा. ए तारेचा बारावा फ्रेट (११० हर्ट्झ) एकसारख्या जोराने आठ-दहा वेळा वाजवा आणि दोन्ही ॲम्प ७५ डेसिबलच्या आसपास सारखे करा. ॲपमध्ये सी-वेटिंग (खालचे सूरही जवळपास पूर्ण धरणारी सेटिंग) निवडा. ए-वेटिंग १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल कमी धरतं, त्यामुळे बेससाठी ते दिशाभूल करतं. फोनचा आकडा तंतोतंत नसतो, पण एकाच फोनने दोन ॲम्प मोजताना तो पुरतो. एका डेसिबलच्या आत आणा.

वॉटच्या आकड्याला भुलू नका. १५चे ३० वॉट झाले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. बारा इंची जुना १५ वॉटचा ॲम्प आठ इंची २५ वॉटच्या नव्यापेक्षा मोठा वाजू शकतो, कारण स्पीकर आणि डबा मोठा आहे.

काय वाजवायचं

पाठ ॲम्पकडे करून बसा आणि केबल बदलायला घरातल्या कोणाला तरी सांगा. कुठला ॲम्प चालू आहे ते त्यांनी सांगायचं नाही. प्रत्येकावर तेच तीन तुकडे, एकेक मिनिट.

पहिला: मेट्रोनोम ६० (मिनिटाला ६० ठोके), मोकळी ए, एका ठोक्याला दोन, तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने. ज्या ॲम्पवर कुठलं बोट हलकं पडतंय ते कळतं, तो पुढे. दुसरा: एक ठोका सूर, एक ठोका पूर्ण शांतता. सूर तोडल्यावर दुसरी तार गुणगुणत राहते का ते ऐका. तिसरा: मोकळ्या ईपासून जीच्या बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक फ्रेट चढत जा. एखादा सूर दोन्ही ॲम्पवर सारखाच अचानक घुमला तर दोष खोलीचा. दहा फूट रुंदीच्या खोलीत ५७-५८ हर्ट्झच्या आसपास लाट घुमते, म्हणजे नेमका ए तारेचा पहिला फ्रेट. ॲम्प दोन फूट सरकवा. एखादा सूर दोन्हींवर लवकर मरत असेल, विशेषतः जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटला, तर तो बेसच्या लाकडाचा गुण आहे, ॲम्पचा नाही.

खडखड ऐकू आली तर लगेच स्पीकरला दोष देऊ नका. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे स्टीलचे डबे, खिडकीची काच, पत्र्याचं छत हे खालच्या सुरांना साथ देतात. वाजवत असताना कोणाला तरी डब्यांच्या झाकणांवर हात ठेवायला सांगा. खडखड थांबली की कारण सापडलं. तुलनेपुरता कूलरही बंद ठेवा. त्याच्या घरघरीखाली बेसचा शेवट बुडून जातो, आणि बोटांची चूक नेमकी त्या शेवटातच असते.

मोकळी ई ४१ हर्ट्झची. आठ इंची स्पीकर तिचा मूळ सूर जवळजवळ देतच नाही. आपण ऐकतो ते ८२ आणि १२३ हर्ट्झचे वरचे सूर, खालचा सूर कान स्वतः भरून घेतो. म्हणून नव्या लहान ॲम्पचा बेस नॉब चढवून काही मिळत नाही, कोन फडफडतो एवढंच. त्याऐवजी ॲम्प खुर्चीवर, कानाच्या दिशेने ठेवा. गडगड कमी होते आणि बोटं स्पष्ट ऐकू येतात.

नव्याच्या सोयी

हेडफोन जॅक ही खरी सोय आहे. रात्री अकरा वाजता शेजाऱ्यांना त्रास न देता सराव होतो. जुन्या ॲम्पवर तो नसेल तर एक्स्टेन्शन स्पीकरच्या जॅकला हेडफोन लावू नका, हेडफोन जळेल आणि कानही धोक्यात येतील. ऑक्स-इनवर फोन लावून गाण्यासोबत वाजवता येतं. ब्लूटूथवरून गाणं ऐकायला हरकत नाही, पण बेसचा आवाज साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये ऐकू नका. उशीर १०० ते २०० मिलिसेकंदांचा असतो, आणि १२०च्या लयीत ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचाच असतो. हात कायम मागे पडतात.

कॉम्प्रेसर, नॉइज गेट, तयार प्रीसेट हे तुलना करताना आणि पहिले सहा महिने बंदच ठेवा. कॉम्प्रेसर हलकं आणि जोराचं बोट सारखं करून दाखवतो, गेट गुणगुणणारी तार गिळून टाकतो. बेस चांगला वाजतो आणि हात तसेच राहतात.

सगळं तपासून जुन्यात घूं नाही, अर्थिंग पक्कं आहे, कोन घासत नाही, आणि घरात त्याला जागा आहे, तर आमचा कल जुन्याकडे: बारा इंची स्पीकरवर हळू आवाजातही सुराची सुरुवात आणि शेवट मोकळे ऐकू येतात. कपॅसिटर आणि स्पीकर दोन्ही बदलायचे असतील, किंवा सराव रात्रीच होणार असेल, तर नवा घ्या.

घेतलेल्या ॲम्पच्या नॉबच्या जागा पेन्सिलीने आखून ठेवा आणि महिनाभर हलवू नका. पहिल्या तुकड्याचं फोनवर एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करून तारीख घाला. महिन्याने त्याच खुणांवर, त्याच जागी, फोन तेवढ्याच अंतरावर ठेवून पुन्हा करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका.