रोडोडेंड्रॉन मुळापासून कसं काढायचं: ब्रिटनमधल्या जुन्या इस्टेटवर आठवडाभराची श्रमसुट्टी

झाडं लावायला मिळतील म्हणून बरेच जण स्वयंसेवक म्हणून जंगलात राबण्याच्या अशा सुट्टीला नाव देतात आणि पहिल्या सकाळी हातात लॉपर, म्हणजे फांद्या तोडायची लांब दांड्याची कात्री पडतो. त्यात निराश होण्यासारखं काही नाही. ब्रिटनमधल्या जुन्या इस्टेटवरचं मूळचं जंगल परत आणायचं तर आठवड्याचा मोठा भाग काढण्यातच जातो. लावण्याचं काम थोडं असतं, कधी कधी नसतंच.

काढायचं काय, तर बहुतेक ठिकाणी रोडोडेंड्रॉन पाँटिकम. हे झुडूप १७६३च्या सुमारास ब्रिटनमध्ये आलं. पुढे जमीनदारांनी शोभेसाठी आणि शिकारीच्या पक्ष्यांना आडोसा म्हणून ते हौसेने लावलं. स्कॉटलंडचा पश्चिम किनारा, वेल्समधला स्नोडोनिया अशा ओल्या, आम्लधर्मी मातीच्या भागांत ते मोकाट सुटलं. आपल्याकडच्या घाणेरीची आठवण यावी असाच प्रकार. बारमाही दाट पानांखाली उजेड पोचत नाही, त्यामुळे ओकची रोपं, ब्लूबेल, शेवाळ, दगडफूल सगळं मरतं. वर जुने ओक उभे दिसतात, पण खाली त्यांची पुढची पिढी नसते. शिवाय ‘फायटोफ्थोरा रॅमोरम’ हा झाडांचा रोग या झुडपावर पोसला जातो आणि तिथून लार्चसारख्या झाडांवर जातो.

जाण्याआधी

महिना विचारून घ्या. पक्ष्यांच्या विणीचा मुख्य हंगाम मार्च ते ऑगस्ट. वापरात असलेलं घरटं मोडणं १९८१च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे मोठी तोड शरद आणि हिवाळ्यात होते. उघड्या मुळांची रोपं नोव्हेंबर ते मार्च या काळात लावतात. उन्हाळ्याच्या तुकडीला रोडोडेंड्रॉनची रोपं उपटणं, लावलेल्या झाडांभोवतीच्या संरक्षक ट्यूब दुरुस्त करणं, ब्रॅकन नावाचं नेचं झोडपणं अशी कामं मिळतात.

भारतातून येणार असाल तर व्हिसाचा मुद्दा नीट बघा. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी आणि एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा चालते. सहलीचा मुख्य हेतू स्वयंसेवा नसावा, अशीही अट आहे. म्हणजे नुसतं याच कामासाठी विमान पकडणं त्यात बसत नाही. तिथे आधीपासून राहणाऱ्यांनी आपापल्या व्हिसाच्या अटी वाचाव्यात.

धनुर्वाताची लस झालेली असू द्या. जीन्स आणू नका. भिजली की जड होते, वाळत नाही आणि अंगातली ऊब घालवते. घोट्यावर घट्ट बसणारे, वापरून सैल झालेले बूट, पावसाळी पँट आणि जाकीट, हातमोज्यांच्या दोन जोड्या (एक जोडी पहिल्याच दुपारी भिजते). मुक्काम बहुधा बंकहाउसमध्ये, म्हणजे सामायिक खोल्यांच्या साध्या मुक्कामघरात असतो आणि स्वयंपाक पाळीपाळीने करायचा असतो. शाकाहारी असाल तर नाव नोंदवतानाच सांगा. वाणसामान आठवड्याचं एकदम भरलेलं असतं आणि गाव लांब असतं.

बूट घासून, मातीचा कण न ठेवता आणि पूर्ण वाळवून आणा. वर सांगितलेला रोग चिखलातून पसरतो. तुमच्या बुटाने तो नव्या जंगलात नेला तर आठवड्याची मेहनत उलटीच पडायची.

आधी कुठे हात घालायचा

मोठ्या, गच्च झाडीवर तुटून पडायचा मोह होतो, पण उलट करा. कडेला विखुरलेली एकटीदुकटी झुडपं आधी काढा आणि मग आत सरका. एक मोठं झुडूप वर्षाला लाखो बिया सोडतं. बी धुळीइतकं बारीक असतं, वाऱ्याने उडतं आणि ओल्या शेवाळावर रुजतं. कडेचं झुडूप राहिलं तर साफ केलेल्या जागेवर तेच पुन्हा पेरणी करतं. दिलासा एवढाच की बी जमिनीत फार काळ टिकत नाही, आणि रोप फुलायला साधारण दहा वर्षं किंवा जास्त लागतात. म्हणजे नव्या रोपांवर पुन्हा फेरी मारायला वेळ असतो, फक्त ती फेरी खरोखर झाली पाहिजे.

इस्टेट ऐतिहासिक असल्यामुळे दोन गोष्टी विचारल्याशिवाय करवत चालवायची नाही. पहिली, बंगल्याजवळच्या बागेतले जुने संकरित रोडोडेंड्रॉन. ते त्या बागेच्या वारशाचा भाग असतात आणि ठेवायचे असतात. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून रंगाची खूण किंवा फीत बघा. दुसरी, जमिनीवरचे उंचवटे आणि सपाट गोल जागा. तो जुन्या वनाचा सीमाबांध असू शकतो किंवा कोळसा पाडण्याची जागा. तिथे कुदळ मारायची नाही.

झुडूप काढण्याची रीत

नुसतं कापलं तर काय होतं? खुंटाच्या सालीखाली झोपलेले डोळे जागे होतात आणि काही वर्षांत एका खोडाच्या जागी अनेक फुटवे येतात, पूर्वीपेक्षा दाट. म्हणून बुंध्याशी काय केलं यावरच सगळं ठरतं.

१. आधी आत शिरायला वाट करा. अंगठ्याएवढ्या फांद्या लॉपरने, मनगटाएवढ्या बो-सॉने, म्हणजे धनुष्याच्या आकाराच्या हातकरवतीने. कापलेल्या फांद्या लगेच ओढून बाजूला घ्या, नाहीतर अर्ध्या तासात पाय टाकायला जागा उरत नाही.

२. जमिनीला टेकलेली प्रत्येक फांदी उचलून बघा. टेकली तिथे तिला मुळं फुटलेली असतात. ते आता वेगळं झुडूप आहे, तेही काढायचं.

३. मुख्य खोडं बुंध्याशी कापू नका. छातीइतकी उंच ठेवा आणि तरफेसारखी वापरा. एकेक खोड बाहेरच्या बाजूला, बुंध्यापासून दूर, जोर लावून वाकवा. नीट साधलं तर खोड बुंध्याच्या तुकड्यासकट फाटून निघतं आणि डोळ्यांची साल बरोबर येते. जागा पांढरट, ओली, दोरे निघाल्यासारखी दिसली की समजा जमलं. गुळगुळीत काप राहिला तर काम अर्धंच झालं.

४. न फाटणारं जाड खोड शक्य तितकं खाली कापा. मग उरलेला बुंधा बोथट कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने किंवा जड हातोड्याने ठेचा, सालीचा भुगा होईपर्यंत. मातीखालचा कंगोरा विसरू नका. आधी पालापाचोळा हाताने बाजूला सारून तो उघडा करा. फुटवे बहुतेक वेळा तिथूनच येतात.

५. गुडघ्याएवढी रोपं हाताने उपटा. उपटलेलं रोप ओल्या शेवाळावर टाकू नका, ते पुन्हा मूळ धरतं. मुळं वर करून फांदीच्या बेचक्यात अडकवा.

उतारावर तणनाशक टोचलेली, वाळून उभी असलेली खोडं दिसतील. ते काम आणि चेनसॉ, दोन्ही प्रशिक्षण घेतलेल्यांचं. स्वयंसेवकाने बाटलीला हातही लावायचा नाही.

वाकलेल्या फांदीमुळे मोठी इजा होऊ शकते. या झुडपाची खोडं एकमेकांच्या ओझ्याखाली धनुष्यासारखी ताणलेली असतात. ताणाच्या बाजूने, म्हणजे कमानीच्या बाहेरून, सरळ कापलं तर फांदी चिरत जाऊन तोंडावर येते. आधी दाबाच्या म्हणजे आतल्या बाजूने साधारण एक तृतीयांश काप द्या, मग बाहेरून सावकाश. उभं राहायचं बाजूला, रेषेत नाही. डोळ्यांवर चष्मा, आणि दोघांमध्ये निदान पाच मीटर.

शंकूधारी लागवडीत काम असेल तर वेस्टर्न हेमलॉकची पोरं कापायला मिळतील. त्यांचं सोपं असतं: सगळ्यात खालच्या हिरव्या फांदीच्याही खाली कापलं की संपलं, परत फुटत नाही. एक हिरवी फांदी राहिली तर मात्र तीच शेंडा बनते. मोठे शंकूधारी एकदम पाडत नाहीत, टप्प्याटप्प्याने विरळ करतात. अचानक भरपूर ऊन आलं तर ब्रॅम्बलची काटेरी जाळी आणि ब्रॅकन सगळं गिळतात.

कापलेल्याचं काय

बहुधा मृत कुंपण घालतात. साठ सेंटीमीटर अंतराने खुंट्यांच्या दोन ओळी ठोकायच्या आणि मधे फांद्या आडव्या दाबून भरायच्या. जाळायचं ठरलं तर ठरवून दिलेल्या एकाच जागेवर, आणि ढीग आदल्या दिवशी रचलेला असेल तर पेटवण्यापूर्वी हलवून बघा, आत साळिंदरासारखा काटेरी छोटा हेजहॉग झोपलेला असू शकतो. हे झुडूप विषारी आहे, धुरात उभे राहू नका आणि जेवणाआधी हात धुवा.

लावायचं असेल तर

जवळ बी देणारे जुने ओक आणि बर्च असतील तर जंगल स्वतःच उगवतं. हरणं आणि मेंढ्या बाहेर ठेवल्या की पुरे. लागवड करतात ती जिथे बीच नाही तिथे. सेसाइल ओक, बर्च, रोवन, हेझल, ओल्या जागी अल्डर. ॲशची रोपं आता लावत नाहीत, कारण २०१२मध्ये ब्रिटनमध्ये सापडलेला बुरशीचा रोग.

अडीच मीटर अंतराने हेक्टरी १,६०० रोपं बसतात, तीन मीटरने सुमारे १,१००. सरळ ओळी धरू नका. उघडी मुळं वाऱ्यात काही मिनिटांतच सुकतात, म्हणून रोप पिशवीतून बाहेर येईल ते थेट खाचेतच. आधी फावड्याने हातभर गवत खरवडा, मग पातं उभं घालून हलवून खाच करा. मुळं खाली सरळ सोडा, दुमडलेली राहिली तर झाड काही वर्षांनी हेलपाटतं. मुळाची आणि खोडाची सांध मातीच्या पातळीवर आणा, टाचेने दाबा. शेंड्याचं एक पान किंवा कळी चिमटीत धरून हलकं ओढा: पान तुटलं पाहिजे, रोप हलता कामा नये.

रो जातीच्या लहान हरणांसाठी ट्यूब १.२ मीटरची, फक्त सशांसाठी ६० सेंटीमीटरची. खुंटा वाऱ्याच्या बाजूला. ट्यूबचं बूड मातीत दाबा, नाहीतर व्होल नावाचे उंदीर आत शिरून साल कुरतडतात. गोठलेल्या किंवा पाणी साचलेल्या जमिनीत लावू नका.

गोचीड

ब्रॅकनमध्ये गोचीड असतात आणि काहींमुळे लाइम रोग होतो. पँट मोज्यात खोचा. रोज रात्री गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा. तेल, व्हॅसलीन, काडी यांतलं काही लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत गोल, पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरला गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

जंगलात फोनला रेंज नसते. रोज सकाळी जागेचा ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावर ती जागा दाखवणारा आकडा, प्रत्येकाने खिशात लिहून ठेवावा. आपत्कालीन मदतीच्या ९९९ला फोन लागला तर नेमकी जागा सांगायला हाच आकडा उपयोगी पडतो.

शेवटच्या दुपारी अवजारं पुसली की नकाशा उघडा. साफ झालेल्या तुकड्याची हद्द काढा, तारीख टाका, जिथे बुंधा ठेचायचा राहिला ती झुडपं वेगळ्या खुणेने दाखवा. दोन वर्षांनी येणारी तुकडी हाच कागद घेऊन चढणार असते.