क्विक चेंज टूल पोस्ट बसवताना टी-नट नीट बघा

उद्यमनगरात जुन्या लेथवर क्विक चेंज टूल पोस्ट (टूल झटपट बदलता येईल असा, टूल धरणारा ठोकळा) बसवून घेणारे बरेच आहेत. पोस्ट घेण्याआधी कंपाउंड स्लाईडच्या (पोस्ट जिच्यावर बसते तो सरकता भाग) माथ्यापासून सेंटरपर्यंतची (जॉब ज्या अक्षावर फिरतो तिथपर्यंतची) उंची मोजा. समजा 32 मिमी आली आणि टूल 20 मिमीचं आहे, तर होल्डरच्या (टूल पकडून पोस्टवर बसणारा भाग) खाचेचा तळ स्लाईडपासून 12 मिमीवर यायला हवा. होल्डरचा तळच त्याहून जाड असेल तर टूल सेंटरला उतरणारच नाही. दुकानदार काहीही म्हणो, आकडा जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्लाईडला टी-स्लॉट (उलट्या T आकाराची खाच) असेल तर पोस्टसोबत येणारा टी-नट (त्या खाचेत बसणारा नट) बहुधा मोठाच असतो. मिलिंगवर घासून स्लॉटात हाताने सरकेल इतपत करा. त्याचा माथा स्लाईडच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली राहिला पाहिजे, नाहीतर पोस्ट स्लाईडवर टेकणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्टड (पोस्ट धरणारा उभा आटेदार दांडा) टी-नटाच्या खाली बाहेर येता कामा नये. आला तर तो स्लॉटाच्या तळाला टेकतो, आणि वरचा नट आवळताना स्लॉटाच्या बिडाच्या कडा वर उचलल्या जाऊन तुटतात. टी-नटाच्या खालच्या बाजूने शेवटचा आटा पंचने दाबून ठेवा, स्टड तिथेच थांबतो.

जुन्या पोस्टची इंडेक्स पिन (पोस्ट ठराविक कोनात अडवणारी खिळी) वर आलेली असेल तर ती काढा, बर (वर आलेली खरबरीत कड) कानशीने उतरवा.

शेवटी एक फेसिंग कट (जॉबच्या तोंडावरून सपाट काप) घ्या. मधोमध बारीक खुंटी उरली तर टूल सेंटरला नाही. टूल खाली असेल तर होल्डरची उंची स्क्रूने वाढवा, वर असेल तर कमी करा, आणि चेकनट (स्क्रू हलू न देणारा नट) आवळा.